बाहुलीमागचा हात : बालशिक्षणाच्या दूरचित्रवाणीतील जुन्या कलावंतांचा प्रश्न

मुलांच्या शिक्षणासाठी चालणाऱ्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात एखादी बाहुली किंवा एखादा दुकानदार काका वीस-तीस वर्षे मुलांशी बोलत राहतो, त्याच्यासंगे अक्षरे आणि अंक गिरविलेली मुले मोठी होऊन आपल्या मुलांना त्याच्यासमोर बसवितात, आणि मग केव्हा तरी त्या बाहुलीत हात घालणारा माणूस थकतो, मरण पावतो, राजीनामा देतो, अथवा त्याच्या कराराची मुदत वाढविली जात नाही. अशा प्रसंगी त्या पात्राची व्यवस्था कशी लावावी, ज्याने ते पात्र जन्मभर वागविले त्याचा त्यावर काही हक्क उरतो की नाही, आणि ज्यांच्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या मुलांना काय सांगावे, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत वारंवार उपस्थित झालेला आहे. त्याची जाहीर चर्चा मुख्यतः अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाच्या निमित्ताने झाली. आपल्याकडे तो प्रश्न कोणी या स्वरूपात फारसा मांडला नाही. परंतु त्याची सामग्री मराठी मुलखातही पुष्कळ आहे, आणि ती एकत्र करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी आपल्या समाजात सोंग आणि बाहुली ही दोन्ही कुळाकडे असत. परभणी-नांदेडकडे ज्याला रायरंद म्हणतात तो बहुरूपी आपले सोंग बापाकडून घेई आणि मुलाकडे देई; गावकरी त्या सोंगाला ओळखत, आणि सोंग कोणत्या घरचे हेही त्यांना ठाऊक असे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला अशाच वंशपरंपरेने सांभाळल्या. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील अनेकांना ही कला जिवंत असल्याचे प्रथमच कळले. नागर रंगभूमीवर बोलक्या बाहुल्यांची परंपरा य. के. पाध्ये यांनी रुजविली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी घडविलेला अर्धवटराव पुढे त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून रंगमंचावर चालविला, आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर अर्धवटराव व आवडाबाई हे जोडपे घरोघरी पोहोचले. आज त्याच घरात अपर्णा पाध्ये व सत्यजित पाध्ये हेही हे काम करतात. एकच बाहुली, तीन पिढ्या आणि मालकी घरातच, अशी ही स्थिती आहे. तिची आठवण पुढे ठेवावी लागेल.

शिक्षणासाठी दूरचित्रवाणी वापरण्याचा आपल्या देशातील मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविले गेले, आणि सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला गेला. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. निजामी राज्यात आपला शेजारी असलेल्या गुलबर्ग्याच्या खेड्यांत मुले पडद्यासमोर बसत असताना मराठवाड्यातील मुले त्या प्रयोगाबाहेर राहिली, ही गोष्ट पालम-गंगाखेडकडच्या वाचकास नोंद घेण्याजोगी वाटेल. पुढे ‘इन्सॅट’ उपग्रहाच्या आधारे, या वेळी महाराष्ट्र धरून, सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या संस्था स्थापन झाल्या. त्यांतील महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यास उभी राहिली आणि ‘बालचित्रवाणी’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाऊ लागली. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या दोन वयोगटांसाठी तिने मराठीत कार्यक्रम निर्माण केले, आणि ते दूरदर्शनवरून दाखविले गेले. ज्या शाळेत संच होता तेथे सारा वर्ग त्याच्यासमोर बसे. जेथे नव्हता तेथील मुलांनी सुटीच्या दिवशी कोणाच्या तरी ओसरीवर बसून तो पाहिला. केंद्राच्या अनुदानाचा आधार सुटल्यावर २०१७ मध्ये राज्य शासनाने ही संस्था बंद केली.

याच काळात ‘सेसमी स्ट्रीट’चा भारतीय अवतार येथे आला. ‘गली गली सिम सिम’ या नावाने १५ ऑगस्ट २००६ रोजी सुरू झालेल्या या हिंदी कार्यक्रमात शाळेच्या गणवेशातील चमकी, शाकाहारी सिंह बूम्बा, निळा गुगली आणि शिंक आली की कोठल्या कोठे जाऊन पोहोचणारी आंछू ही मंडळी होती. गझल जावेद यांनी चमकीला हात व आवाज दिला. पुढे हा कार्यक्रम दूरदर्शनवरही आला, आणि हिंदी समजणाऱ्या मराठी मुलांनी तो पाहिला.

अमेरिकेतील अनुभव

१० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’चा पहिला प्रयोग झाला. या प्रश्नाच्या सर्व बाजू एकाच ठिकाणी दिसाव्यात, इतका दीर्घ त्याचा इतिहास आहे. म्हणून येथे जरा थांबावे लागते.

७ डिसेंबर १९८२ रोजी विल ली हे नट वारले. कार्यक्रमात ते हूपर नावाचे दुकानदार होत आणि पहिल्या दिवसापासून मुलांच्या परिचयाचे होते. निर्मात्यांपुढे तीन मार्ग होते : दुसरा नट आणणे, हूपर परगावी राहावयास गेले असे सांगणे, किंवा ते वारले असे सांगणे. बालमानसाच्या जाणकारांचा सल्ला घेऊन त्यांनी तिसरा मार्ग पत्करला आणि २४ नोव्हेंबर १९८३ रोजी तो भाग दाखविला. त्यात ‘बिग बर्ड’ हा प्रचंड पिवळा पक्षी सर्वांची चित्रे काढून आणतो, हूपरांचे चित्र त्यांनाच देण्याचा हट्ट धरतो, आणि मोठी माणसे त्याला शांतपणे समजावून सांगतात की ते आता परत येणार नाहीत. ती चित्रे पक्ष्याच्या आत उभे राहणारे कलावंत कॅरोल स्पिनी यांनीच काढली होती. शिक्षणाच्या कार्यक्रमाने आपल्या कलावंताच्या मृत्यूसच पाठाचा विषय करावा, ही गोष्ट त्यापूर्वी क्वचितच घडली होती. आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ती सर्वांत प्रामाणिक कृती होय.

माणसाच्या मृत्यूला जो न्याय लावला तो बाहुलीला लावता येत नाही, हे १६ मे १९९० रोजी बाहुलीकार जिम हेन्सन निधन पावले तेव्हा स्पष्ट झाले. हूपरांची जागा रिकामी ठेवता आली. परंतु हेन्सन यांचा कर्मिट बेडूक आणि अर्नी ही पात्रे त्यांच्याबरोबर नाहीशी करावीत असे कोणासच वाटले नाही. स्टीव्ह व्हिटमायर यांनी ती उचलली, आणि सव्वीस वर्षांनंतर, २०१६ मध्ये, कर्मिटचे नवे मालक असलेल्या डिस्नी कंपनीने त्यांना त्या पात्रावरून दूर केले. २०१७ मध्ये ही वार्ता प्रकट झाली तेव्हा व्हिटमायर यांचे म्हणणे असे होते की पात्राच्या स्वभावाची राखण करणे हे आपले कर्तव्य होते. कंपनीचे म्हणणे त्यांच्या वर्तनाविषयी होते. न्यायनिवाडा येथे आपणास करावयाचा नाही. दोन्ही पक्षांनी आपापली बाजू पात्राच्या हितासाठीच आहे असे सांगितले, एवढे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एल्मो या तांबड्या बाहुलीची कथा दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी पडते. केव्हिन क्लॅश यांच्या हाती येण्यापूर्वी ती बाहुली इतर कलावंतांनी चालविली होती आणि तिची कोणी फारशी दखल घेतली नव्हती. क्लॅश यांनी तिला स्वर, हसणे आणि मिठी मारण्याची सवय दिली, व ती जगभर पोहोचली. २०१२ मध्ये क्लॅश यांनी राजीनामा दिला. रायन डिलन यांनी काम स्वीकारले आणि एल्मोची लोकप्रियता टिकून राहिली. कलावंतानेच पात्र निर्माण केले असे एकाने म्हणावे, आणि कलावंत गेला तरी पात्र राहिले असे दुसऱ्याने उत्तर द्यावे, अशी ही घटना आहे.

माणसांच्या बाबतीतील खळबळ २०१६ ची. त्या वर्षारंभी कार्यक्रम एका तासावरून अर्ध्या तासावर आला आणि त्याचे नवे भाग प्रथम एका खासगी वाहिनीवर दिसू लागले. बॉब मॅकग्राथ हे १९६९ पासून, एमिलिओ डेलगाडो १९७१ पासून आणि रोस्को ऑर्मन १९७४ पासून त्यात होते. या तिघांचे करार पुढे चालविले गेले नाहीत. आपल्या बालपणीचा सोबती परस्पर काढून टाकला अशी भावना प्रौढ प्रेक्षकांत पसरली, आणि संस्थेस खुलासा करून या मंडळींशी आपला संबंध तुटलेला नाही असे सांगावे लागले.

तीन पक्ष

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की पात्र हे संस्थेचे आणि पर्यायाने मुलांचे आहे. चार वर्षांचे मूल आज पडद्यासमोर बसते. पात्राचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक नसतो आणि त्याची त्याला गरजही नसते. अभ्यासक्रम बदलतो, समाजाची घडण बदलते, नव्या मुलांना आपल्यासारखी दिसणारी माणसे पडद्यावर हवी असतात. जुन्या कलावंतांविषयीचा जिव्हाळा हा बहुधा प्रौढांचा असतो, आणि प्रौढांच्या स्मृतीसाठी बालकांचा वेळ खर्ची घालणे योग्य नव्हे. माणसांची पात्रेसुद्धा बदलता येतात, याचा पुरावा म्हणून हा पक्ष रोस्को ऑर्मन यांच्याकडेच बोट दाखवितो, कारण गॉर्डन हे पात्र रंगविणारे ते तिसरे नट होते. आपल्या महसुली भाषेत बोलायचे तर या पक्षाच्या दृष्टीने पात्र ही नेमणूक आहे, वतन नव्हे. ज्याची तैनात संपली त्याने दप्तर पुढच्याच्या स्वाधीन करावे.

दुसरा पक्ष म्हणतो की हे दप्तर स्वाधीन करताच येत नाही. बाहुलीचे डोके केव्हा झुकावे, वाक्याच्या मध्यावर किती क्षण थांबावे, मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर बाहुलीने कसे वळून पाहावे, या गोष्टी कोणत्याही संहितेत लिहिलेल्या नसतात. त्या एका विशिष्ट देहात वर्षानुवर्षे मुरलेल्या असतात. स्पिनी यांनी आठ फुटांहून उंच पक्ष्याच्या आत उजवा हात डोक्यावर ताणून धरून, छातीला बांधलेल्या लहानशा पडद्यावर आपलीच हालचाल पाहत, जवळजवळ पन्नास वर्षे काम केले. अशा कष्टातून आलेली सहजता हुकमाने दुसऱ्याकडे वर्ग होत नाही. माणसांच्या बाबतीत या पक्षाचा युक्तिवाद अधिक बळकट होतो. मारिया आणि लुई या पात्रांचा विवाह १९८८ मध्ये पडद्यावर झाला, पुढल्या वर्षी त्यांना मुलगी झाली, आणि सोनिया मॅन्झानो व डेलगाडो हे नट मुलांच्या डोळ्यांदेखत प्रौढ होत गेले. माणसे एकमेकांबरोबर राहून वयस्क होतात, हे शिक्षण दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या तरुण निवेदकांकडून मिळणे शक्य नाही. मुलाला ओळखीचे तोंड लागते, हे तर कोणतीही अंगणवाडीताई सांगेल.

तिसरा पक्ष मध्यममार्गी आहे. पात्र हस्तांतरित व्हावे, पण ते शिष्यपरंपरेने आणि मूळ कलावंत हयात असतानाच व्हावे, असे तो मानतो. मॅट व्होगेल हे नव्वदीच्या दशकापासून स्पिनी यांच्या हाताखाली शिकले. २०१५ नंतर शरीर साथ देईनासे झाल्यावर स्पिनी यांनी केवळ आवाज दिला आणि पक्ष्याच्या आत व्होगेल उभे राहिले. २०१८ मध्ये स्पिनी निवृत्त झाले तेव्हा आवाजही व्होगेल यांच्याकडे गेला. पाध्ये घराण्याची रीत याच जातीची आहे, फरक इतकाच की तेथे शिष्यत्व रक्ताच्या नात्याने येते. या मार्गावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन कलावंतांना एका पात्रासाठी वीस वर्षे पोसण्याची ऐपत फार थोड्या संस्थांना असते. आणि घराण्यातून चालणारी परंपरा बाहेरच्या गुणी माणसास सहसा दार उघडत नाही. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत, आणि त्यांचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

संशोधन काय सांगते

मुले पडद्यावरील पात्राशी एकतर्फी का होईना पण खरे नाते जोडतात, ही कल्पना हॉर्टन आणि व्होल यांनी १९५६ मध्ये प्रौढ प्रेक्षकांविषयी मांडलेल्या सिद्धांतातून निघाली. बालकांच्या बाबतीत तिचा पाठपुरावा सँड्रा कॅल्व्हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात एकवीस महिन्यांच्या बालकांना लहानमोठे पेले एकात एक बसविण्याचे काम दोन बाहुल्यांकडून दाखविण्यात आले; एक बाहुली त्यांच्या ओळखीचा एल्मो, आणि दुसरी अमेरिकेत अपरिचित असलेली तैवानची. ओळखीच्या बाहुलीकडून बालके अधिक शिकली. दुसरा पक्ष हा प्रयोग आपल्या बाजूचा मानतो. परंतु त्यात सिद्ध झाले ते पात्राच्या ओळखीचे महत्त्व, कलावंताच्या नव्हे. तोच एल्मो दुसऱ्या हाताने चालविला असता बालकास फरक जाणवतो काय, हे त्या प्रयोगाने विचारले नव्हते. पहिल्या पक्षानेही फार हुरळून जाऊ नये, कारण नवा हात वाईट रीतीने शिकविलेला असेल तर ओळखीचे पात्र अनोळखी होण्यास कितीसा वेळ लागेल, याचेही उत्तर त्यात नाही.

कायद्याची बाजू

आपल्याकडील स्थितीची चर्चा कायद्यावाचून पुरी होत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंतांच्या हक्कांना स्थान मिळाले, आणि आज त्या हक्कांची मुदत पन्नास वर्षांची आहे. सादरकर्ता कोण, हे सांगताना कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्याता यांची नावे घेतली आहेत. बाहुलीकाराचे नाव त्या यादीत नाही. ‘अन्य कोणीही’ या शेवटच्या शब्दांत तो सामावतो. गारुड्यास नावाने ओळखणाऱ्या कायद्याला बाहुलीकार आठवू नये, ही गोष्ट मला दुःखाची वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंतास आपल्या कामाशी आपले नाव जोडले जावे असा नैतिक हक्क दिला, आणि व्यापारी उपयोगाबद्दल मानधनाचा वाटाही मान्य केला. मात्र त्याच दुरुस्तीत असेही आहे की चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे असून ज्याचा श्रेयनामावलीत उल्लेख नाही, तो बहुतेक बाबतींत सादरकर्ता मानला जाणार नाही. तेव्हा शेवटच्या पाटीवर नाव येणे हा मानापुरता प्रश्न राहत नाही. हक्काची सनद तीच ठरू शकते.

पात्रावरील मालकी मात्र या कायद्याने कलावंतास मिळत नाही. ती करारावर अवलंबून असते, आणि बाहुली ज्याने बनविली, आवाज ज्याने दिला व हात ज्याचा होता ही तीन माणसे निरनिराळी असली म्हणजे गुंता वाढतो. शैक्षणिक कार्यक्रमाबाहेरचे उदाहरण घ्यावयाचे तर १९९३ च्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातील तात्या विंचू ही बाहुली रामदास पाध्ये यांनी घडविली व चालविली, तिचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता, आणि चित्रपट महेश कोठारे यांचा. प्रेक्षकाच्या मनात तात्या विंचू एकच आहे.

अनिर्णित राहिलेले

मराठीत या प्रश्नाचे खरे दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे असे मला वाटते. अमेरिकेतील वाद दीर्घकाळ टिकलेल्या कलावंतांविषयी आहे. आपल्याकडे शैक्षणिक दूरचित्रवाणीत कलावंत दीर्घकाळ टिकावा अशी व्यवस्थाच उभी राहिली नाही. बालचित्रवाणीचे कार्यक्रम पाठागणिक बनत. तीस वर्षे एकाच पात्राने मुलांशी बोलावे अशी तिची रचना नव्हती, आणि अखेर संस्थाच बरखास्त झाली. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. तिचे प्रयोजन आपत्काळाचे होते आणि तिची मुदतही तेवढीच. दुसऱ्या बाजूस, १९७९ पासून सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र हे शिक्षकांना बाहुलीकलेचे वर्ग देत आले आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांतून हातमोज्याची बाहुली करून गणित शिकविणारे गुरुजी आणि बाई आढळतात. पडद्यावर परंपरा तुटली, वर्गात ती कोठे कोठे चालू आहे. या वर्गातील बाहुलीकारांना पडद्यावर आणावे, की पडद्यासाठी स्वतंत्र व्यावसायिक घडवावेत, याविषयी शिक्षणखात्यात आणि रंगभूमीवर दोन्ही मते आहेत. पिंगुळीच्या परंपरेचा शैक्षणिक दूरचित्रवाणीस काही उपयोग होईल काय, हाही विचार अपुरा राहिलेला आहे. तेथील बाहुल्या रामायणाच्या कथेसाठी घडल्या, आणि त्यांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यास लावणे काहींना कलेचा विस्तार वाटतो, तर काहींना तिचा ऱ्हास.

तिन्ही पक्षांचे ऐकून घेतल्यावर माझा कल तिसऱ्या पक्षाकडे झुकतो हे लपविण्याचे कारण नाही, परंतु त्याच्या खर्चाचा प्रश्न सुटल्यावाचून तो महाराष्ट्रात नुसता सदिच्छेच्या पातळीवर राहील. त्याआधी करण्याजोगे एक काम मात्र कोणत्याही पक्षाच्या आड येत नाही आणि त्यास मोठ्या मंजुरीचीही गरज नाही. बालचित्रवाणीच्या तीन दशकांत पुण्यातील आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील ज्या नटांनी, बाहुलीकारांनी, गायकांनी आणि शिक्षकांनी त्या कार्यक्रमांत काम केले त्यांची पात्रवार नामावली तयार व्हावयास हवी, आणि ती तयार करण्यास आजचा काळच योग्य आहे, कारण त्यांतील पुष्कळजण अद्याप हयात आहेत. मराठवाड्यातील ज्या वाचकांनी त्या कार्यक्रमांत भाग घेतला असेल किंवा ज्यांच्या घरी त्यांच्या चित्रफिती, करारपत्रे वा संहिता असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि आपण कोणत्या पात्राचे काम केले हे आपल्या हाताने लिहून ठेवावे, अशी विनंती आहे.